नळाला झिणझिण्या का येतात? – विद्युतप्रवाहाची आणि साध्या सर्किटची ओळख



मी बंगळूरहून बोलतोय, चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून. मधूनमधून रिक्षाचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. टेबलावर आज फारसं काही मांडलेलं नाही. टॉर्चचे दोन सेल, दीड व्होल्टचे दोन छोटे बल्ब, हातभर वायर, एक टेस्टर आणि एक तीन पिनांचा प्लग. सेल, बल्ब आणि वायर काल एस. पी. रोडवरून आणली. इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टेस्टर घरातलाच. तो प्लग मात्र जुना आहे. तो इथे का ठेवलाय ते ओघात येईलच.

आजचा विषय शाळेतल्या पुस्तकातला आहे : विद्युतप्रवाह आणि साधं सर्किट. पुस्तकात त्याला विद्युतधारा आणि परिपथ म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षं नववी-दहावीला हा धडा शिकवला. ओहमचा नियम मला झोपेतही म्हणता येईल. आणि तरीही दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, माझी मावशी मला म्हणाली, "अरे, न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात," तेव्हा मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "मावशी, थंडीचे दिवस आहेत, हवा कोरडी आहे, असं होतं कधी कधी." आणि वर्तमानपत्र वाचत बसलो.

ते उत्तर चुकीचं होतं. किती चुकीचं, हे कळण्यासाठी आधी सर्किट समजून घेऊ.

सुरुवात एका जागेपासून करतो. चामराजपेट ही १८९२ साली वसवलेली वस्ती. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाची. जुन्या पेठांत दाटी झाली म्हणून सरळ रस्ते आखून ही नवी वस्ती केली. शेजारी जुना किल्ला, टिपूचा लाकडी राजवाडा, व्हिक्टोरिया हॉस्पिटल आणि मार्केट. शहाजीराजे १६३८ नंतर याच बंगळुरात होते, त्यामुळे इथे मराठी कानावर पडणं ही काही कालपरवाची गोष्ट नाही.

ही वस्ती आखली तेव्हा शहरात रस्त्यावर विजेचा दिवा नव्हता. तो आला ५ ऑगस्ट १९०५ रोजी, आजच्या के. आर. मार्केटच्या परिसरात. मार्केटची इमारत नंतरची. इथले लोक अभिमानाने सांगतात की आशियात रस्त्यावरचा पहिला विजेचा दिवा आमच्याकडे लागला. हा दावा जरा जपून घ्या. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगचं छोटं जलविद्युत केंद्र १८९७ मध्ये सुरू झालं होतं आणि कोलकात्यात १८९९ पासून वीजपुरवठा होत होता. पण बंगळूरच्या दिव्यात एक गोष्ट खरोखर मोठी होती. ती वीज शहरात तयार होत नव्हती. ती दूरवरच्या कावेरीच्या धबधब्यावरून, शिवनसमुद्रहून, तारांवरून येत होती. एवढ्या लांबून ती कशी आली, हे थोड्या वेळाने पाहू.

आता पहिला प्रयोग.

हा सेल, हा बल्ब. एक वायर सेलच्या वरच्या टोकाला, म्हणजे धन टोकाला लावली आणि बल्बच्या बुडाला टेकवली. बल्ब लागला का? नाही. पुष्कळ मुलांना वाटतं, सेलमधून करंट निघाला, बल्बपर्यंत पोचला, तर मग लागायला काय हरकत आहे? आता दुसरी वायर घेतो. बल्बच्या बाजूच्या धातूपासून ती सेलच्या तळाशी, ऋण टोकाला आणतो. लागला.

म्हणजे जाण्याची वाट पुरत नाही, परत येण्याचीही वाट लागते. सर्किट या शब्दातच फेरी आहे. आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : जेवढं जातं तेवढं परत येतं. पुढे सगळं याच वाक्यावर उभं राहणार आहे.

इथे एक मोठा गैरसमज असतो. वर्गात मी विचारायचो, "बल्बच्या आधी करंट जास्त आणि बल्बच्या नंतर कमी, बरोबर ना?" निम्म्याहून जास्त हात वर व्हायचे. बल्बने करंट 'खाल्ला' असं त्यांना वाटायचं. तसं होत नाही. बल्बच्या अलीकडे जेवढा प्रवाह, पलीकडेही तेवढाच. खर्च होते ती ऊर्जा.

यासाठी मला सायकलच्या साखळीचं उदाहरण बरं वाटतं. पायडल आपण मारतो पुढे, चाक फिरतं मागे. मधली साखळी नुसती गोल फिरते. मागच्या चाकापाशी साखळी संपते का? नाही, जेवढ्या कड्या गेल्या तेवढ्या परत पुढे येतात. चाकापर्यंत पोचतो तो आपल्या पायाचा जोर. सेल म्हणजे पाय, बल्ब म्हणजे चाक आणि तारेतले इलेक्ट्रॉन म्हणजे साखळीच्या कड्या. साखळी एका जागी तुटली की सगळीच थांबते. स्विच करतो काय? साखळी तोडतो आणि जोडतो. बस्स.

याच उदाहरणाने आणखी एक कोडं सुटतं. बटण दाबलं की दिवा लगेच लागतो, म्हणून आपल्याला वाटतं इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावत असणार. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन एकूणात सरकतात तासाला सुमारे सत्तावीस सेंटीमीटर. एका वितीहून थोडंसं जास्त! गोगलगायही त्यांच्या पुढे जाईल. मग दिवा लगेच कसा लागतो? कारण तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच भरलेले आहेत. पायडल मारलं की साखळीची पहिली कडी मागच्या चाकापर्यंत पोचायची वाट पाहावी लागत नाही, सगळी साखळी एकदमच हलते. तसंच हे.

घरातली वीज तर आणखी वेगळी. ती प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे. इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरच थोडे थोडे झुलत राहतात. पण आपलं वाक्य तिथेही खरं आहे : कुठल्याही क्षणी एका तारेतून जेवढा प्रवाह आत येतोय, तेवढाच दुसऱ्या तारेतून बाहेर जातोय.

आता मोजमाप. घाबरू नका, तीनच शब्द आहेत.

पहिला, प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. एक अँपिअर म्हणजे तारेच्या एखाद्या जागेवरून दर सेकंदाला सुमारे ६.२४ अब्ज गुणिले अब्ज इलेक्ट्रॉन पुढे सरकणं.

दुसरा, व्होल्टेज, पुस्तकात विभवांतर. हा ढकलण्याचा जोर. सेलचा दीड व्होल्ट, घरातला २३० व्होल्ट.

तिसरा, रोध. वाटेतली अडचण. तो ओहममध्ये मोजतात.

या तिघांचं नातं जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. ते जर्मनीत शाळामास्तर होते, हे मला आवडतं. सुरुवातीला त्यांचं फारसं कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं ते १८४१ मध्ये. नियम असा : प्रवाह बरोबर व्होल्टेज भागिले रोध. जोर वाढला, प्रवाह वाढला. अडचण वाढली, प्रवाह कमी झाला. हे तर घरात कोणालाही पटेल.

आणि शक्ती, म्हणजे वॅट, मिळते व्होल्टेज गुणिले प्रवाह करून. आता घरातल्या वस्तूंना हे लावून पाहू. नऊ वॅटचा एलईडी दिवा : नऊ भागिले २३०, साधारण ०.०४ अँपिअर. जुना साठ वॅटचा बल्ब : ०.२६ अँपिअर. दोन हजार वॅटचा गीझर : ८.७ अँपिअर. म्हणजे एक गीझर लावणं आणि दोनशेहून जास्त एलईडी दिवे लावणं सारखंच. गीझरच्या कॉइलचा रोध काढा : २३० भागिले ८.७, साधारण २६ ओहम. हा २६ आकडा लक्षात ठेवा, लागणार आहे.

जाता जाता एक गंमत. जुने तारेचे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जायचे? कारण आतली तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण एक दशांश असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाहाचा मोठा झटका बसतो. म्हातारी झालेली तार तिथेच तुटते.

आता शिवनसमुद्रकडे जाऊ. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात ही योजना उभी राहिली. ए. जोली द लोत्बिनिएर नावाच्या अभियंत्याने ती आखली आणि १९०२ च्या जूनअखेर केंद्र सुरू झालं. शेषाद्री अय्यर मात्र ते पाहायला नव्हते, १९०१ मध्ये त्यांचं निधन झालं होतं. ही वीज आधी बंगळूरला आली नाही. ती गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे, १४७ किलोमीटर लांब. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी ती एक होती. बंगळूरचे दिवे लागले त्यानंतर तीन वर्षांनी.

इतक्या लांब वीज न्यायची तर अडचण काय? तारेलाही रोध असतो. त्यातून प्रवाह गेला की तार तापते आणि ती ऊर्जा वाया जाते. हा तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट, तोटा चौपट. समजा हजार किलोवॅट पाठवायचे आहेत. २३० व्होल्टने पाठवले तर प्रवाह लागेल चार हजार तीनशे अँपिअरच्या वर. तेच ३५ हजार व्होल्टने पाठवले तर २९ अँपिअरच्या आत. प्रवाह दीडशेपट कमी, म्हणजे त्याच तारेतला तोटा वीस हजार पटींहून अधिक कमी. हा हिशोब मी सोपा करून सांगतोय, प्रत्यक्षात तीन फेजच्या तारा असतात. पण तत्त्व हेच. म्हणून लांबच्या वाहिनीत व्होल्टेज खूप चढवतात आणि शहरात आल्यावर ट्रान्सफॉर्मरने उतरवतात. खोपोलीला टाटांचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि घाटावरचं पाणी मुंबईच्या गिरण्या चालवू लागलं, तिथेही हेच गणित.

आता दुसरा प्रयोग. दोन बल्ब, एक सेल.

आधी दोन्ही एकाच रांगेत जोडतो. सेल, पहिला बल्ब, दुसरा बल्ब, परत सेल. याला एकसर जोडणी म्हणतात. दोन्ही लागले, पण मिणमिणते. वाटेत अडचण वाढली, प्रवाह कमी झाला, शिवाय दीड व्होल्टचा जोर दोघांत वाटला गेला. आता एक बल्ब काढतो. दुसराही गेला. साखळी तुटली ना.

आपल्या गणपतीच्या जुन्या माळा आठवा. सहा व्होल्टचे साधारण अडतीस बल्ब रांगेत जोडले की अडतीस सक दोनशे अठ्ठावीस, मग माळ थेट २३० व्होल्टवर चालते. पण एक बल्ब गेला की माळच काळोखी. मग आरतीची वेळ झालेली आणि घरातला एक भाऊ एकेक बल्ब फिरवत बसलेला. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, हे दृश्य सगळीकडे सारखंच.

आता दोन्ही बल्ब वेगवेगळ्या फांद्यांवर जोडतो. प्रत्येकाची सेलपर्यंत स्वतःची जायची आणि यायची वाट. ही समांतर जोडणी. दोन्ही पूर्ण उजेड देतात. एक काढला, दुसरा तसाच लागलेला. घरातली सगळी जोडणी अशीच असते. म्हणूनच स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी देवघरातला जात नाही.

पण समांतर जोडणीची एक किंमत आहे. प्रत्येक फांदीचा प्रवाह मूळ तारेत बेरीज होऊन येतो. समजा तुम्ही सहा अँपिअरच्या एका एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन शेगडी, इस्त्री आणि मिक्सर लावलात. ८.७ अधिक ४.३ अधिक ३.३. झाले सोळा अँपिअरच्या वर. तार सहाची, ओझं सोळाचं. उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ सातपट. बोर्ड गरम लागतो, प्लॅस्टिकचा वास येतो, आणि आपण म्हणतो, "बोर्ड हलक्या दर्जाचा निघाला." बोर्डाचा नाही, आपल्या बेरजेचा दोष.

अशा वेळी तारेला वाचवायला फ्यूज किंवा एमसीबी असतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की तो सर्किट तोडतो. इथे नीट लक्ष द्या. फ्यूज वाचवतो तारेला. माणसाला नाही.

का नाही? आता मावशीकडे येतो.

आमची मावशी मागच्या रस्त्यावर एका वठारात राहते. वठार म्हणजे आपली बैठी चाळच समजा, मधे अंगण आणि भोवती घरं. घर जुनं. न्हाणीघरातला गीझर मात्र अलीकडे बसवलेला. झिणझिण्यांची तक्रार तिने मला एकदा नाही, दोनदा केली. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "बघतो रविवारी."

रविवार यायच्या आधी, गुरुवारी सकाळी, तिने ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून नळ धरला आणि तिचा हात सुटेना. ओरडताही येईना. अंगणात भांडी घासणाऱ्या बाईंनी धडपडीचा आवाज ऐकला, आत डोकावल्या आणि तिला हात न लावता थेट दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. आधी एका घरात असाच प्रसंग पाहिला होता, म्हणून त्यांना माहीत होतं. मावशी वाचली. तळहात भाजला, एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. दवाखान्यात बाकावर बसून मी मनात ओहमचा नियम म्हणत होतो. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलेला.

काय झालं होतं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. एकच गोष्ट अजून हवी.

घरात दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. फेज म्हणजे २३० व्होल्टची, न्यूट्रल म्हणजे परतीची. ही न्यूट्रल तार ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत पुरलेली असते. म्हणजे जमीन ही परतीची एक चोरवाट आहे. कावळा तारेवर बसतो आणि त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्यातून परतीची वाट नाही. आपण फेजला हात लावला आणि पाय जमिनीवर असले, तर सर्किट पुरं होतं. बल्बच्या जागी आपण असतो. हा टेस्टरही तसाच चालतो. आतल्या छोट्या दिव्याला खूप मोठा रोध जोडलेला असतो, त्यामुळे आपल्या अंगातून जाणवणारही नाही इतका कणभर प्रवाह जमिनीत जातो आणि दिवा लागतो.

मावशीच्या गीझरची कॉइल आतून फुटली होती. फेजचा करंट पाण्यात आणि धातूच्या टाकीत उतरला, तिथून नळात. सुरुवातीला गळती थोडी, तिच्या पायात रबरी चपला, फरशी कोरडी. वाटेत अडचण पुष्कळ. म्हणून नुसत्या झिणझिण्या. एक मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला प्रवाह जाणवू लागतो. तेवढाच तो होता. ती सूचना होती. गुरुवारी फरशी ओली, पाय अनवाणी, गळती वाढलेली. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, ओल्या अंगाचा तो हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. भागाकार करा : २३० भागिले हजार, म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. साधारण दहा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. तिच्यातून पूर्ण २३० गेले नसणार, नाहीतर आज ती आपल्यात नसती. पण जे गेलं ते पुरेसं होतं.

आणि एमसीबी? तो होता सोळा अँपिअरचा. गीझर चालू असताना त्यातून जात होते ८.७. त्यात मावशीतून जाणारे अगदी ०.२३ मिळवले तरी नऊच्या आतच. एमसीबीला कळणार कसं? त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. २६ ओहमचा गीझर आणि हजार ओहमची मावशी, त्याच्या हिशोबात मावशी म्हणजे एक छोटा दिवा.

मग तिला वाचवायला काय असायला हवं होतं? दोन गोष्टी.

पहिली आर्थिंग. हा तो प्लग, मावशीच्या गीझरचा. तीन पिना. वरची जाड आणि लांब, ती आर्थची. लांब अशासाठी की आत जाताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड अशासाठी की दुसऱ्या भोकात जाऊ नये. तिची वायर गीझरच्या धातूच्या टाकीला जोडलेली असते आणि दुसरं टोक जमिनीत पुरलेलं. फेज टाकीला लागली की करंटला जमिनीत जायला अगदी सोपी वाट मिळते, प्रवाह एकदम वाढतो आणि एमसीबी पडतो. मावशीच्या घरी प्लग तीन पिनांचा होता, बोर्डाला भोकंही तीन होती. पण बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! जुन्या घरात दोनच तारा आलेल्या. बसवणाऱ्याने बोर्ड बदलला आणि तिसरं भोक नुसतं शोभेला राहिलं.

दुसरी गोष्ट आरसीसीबी. आठवा आपलं वाक्य : जेवढं जातं तेवढं परत येतं. आरसीसीबी तेवढंच तपासतो. फेजमधून आत किती गेला आणि न्यूट्रलमधून परत किती आला. दोन्ही सारखे तर ठीक. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, तर उरलेला प्रवाह कुठल्या तरी चोरवाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत जातोय. मग तो निमिषात पुरवठा तोडतो. जुन्या घरांत आर्थिंग कधी कधी इतकं खराब असतं की त्याचाच रोध पन्नास ओहम निघतो. मग २३० भागिले पन्नास, साडेचार अँपिअर. एमसीबी पडणार नाही. अशा वेळीही आरसीसीबी पडतो. मात्र एक ध्यानात ठेवा. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर जाणारं आणि येणारं सारखंच राहतं. तिथे तोही आंधळा.

आता आज घरी काय करायचं ते सांगतो.

मेन बोर्ड उघडून पाहा. टी अक्षर लिहिलेलं छोटं बटण असलेला आरसीसीबी आहे का? असला तर ते बटण दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो बिघडलाय. महिन्यातून एकदा हे करा. आरसीसीबीच नसेल तर बसवून घ्या. तीस मिलिअँपिअरचा मागा.

गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटार, इस्त्री यांचे बोर्ड जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या. "आर्थिंग आहे का?" एवढंच विचारू नका. "मोजून दाखवा," म्हणा. बोर्ड स्वतः उघडू नका. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून तो दोन भोकांत खुपसू नका. वायरचे रंगही ओळखून ठेवा : उपकरणाच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी आर्थ.

कोणाला शॉक लागलेला दिसला तर आधी मेन स्विच बंद करा. त्या माणसाला हात लावू नका. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने त्याला दूर सारा. श्वास थांबला असेल तर मदत बोलवून लगेच छातीवर दाब द्यायला लागा. आणि मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. मुलांना, म्हाताऱ्यांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही.

शेवटचं. घरातलं कोणीही, विशेषतः म्हातारं माणूस, म्हणालं की नळाला, फ्रिजला, भिंतीला झिणझिण्या येतात, तर ते मनाचे खेळ नव्हेत आणि थंडीही नव्हे. त्याच क्षणी त्या उपकरणाचं बटण बंद करा आणि प्लग काढा. रविवारची वाट पाहू नका.

मावशी आता बरी आहे. त्या भांडी घासणाऱ्या बाईंना संक्रांतीला तिने स्वतः निवडून साडी दिली. मला काय दिलं? तो प्लग दिला. म्हणाली, "ठेव तुझ्या टेबलावर, शिकवायला उपयोगी पडेल." तेव्हापासून तो इथेच आहे.

पुढच्या वेळी हेच दोन सेल आणि थोडी तार घेऊन चुंबक करू आणि त्यातून पंखा कसा फिरतो ते पाहू. तोवर जाऊन टीचं बटण तेवढं दाबून या.